यॉटचा करार : ‘रद्द’ हा शब्द आधी कोण उच्चारतं?

प्रश्न (थोडक्यात) : तीन कुटुंबांनी मिळून कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांमध्ये फिरण्यासाठी आठवडाभर एक आलिशान कॅटामरान (दोन सांगाडे जोडून केलेली बोट) भाड्याने ठरवली आहे, कॅप्टन आणि खलाशांसह. ताबा १७ ऑक्टोबरला दुपारी १२ वाजता टॉर्टोला बेटावर मिळणार. निम्मं भाडं सही करतानाच भरलं. उरलेलं निम्मं आणि बोटीवरच्या खर्चाची आगाऊ रक्कम १७ सप्टेंबरपर्यंत भरायची आहे. आता कळलं की तो चक्रीवादळांचा मोसम आहे, आणि घरचे घाबरले आहेत. ब्रोकर म्हणतो, ‘रद्द करत असल्याचा ईमेल टाकून ठेवा, मालक समजूतदार आहे, मार्ग निघेल.’ मसुदा सोबत जोडला आहे. पाठवू का?

उत्तर : नाही. तो ईमेल पाठवू नका.

या मोसमात अशी पत्रं बरीच येतात आणि बहुतेकांचा ईमेल जाऊन चुकलेला असतो. तुम्ही आधी विचारलंत, म्हणून तुमच्यासाठी अजून काही करता येण्यासारखं आहे.

तुम्ही पाठवलेली प्रत ‘मायबा’ या यॉट-ब्रोकरांच्या संघटनेच्या छापील नमुन्यावरची आहे. तुमचं सगळं प्रकरण त्यातल्या दोन कलमांवर फिरतं. एक कलम भाडं भरणाऱ्याने करार रद्द केला तर काय, हे सांगतं. दुसऱ्या हप्त्याच्या तारखेआधी रद्द केलात तर पहिला हप्ता गेला, तारीख उलटल्यावर रद्द केलात तर दोन्ही गेले. कारण विचारलंच जात नाही. दुसरं कलम मालकाला बोटीचा ताबा देता आला नाही तर काय, हे सांगतं. वादळासारख्या हाताबाहेरच्या कारणाने ठरावीक मुदतीत ताबा मिळाला नाही, तर करार संपल्याचं तुम्ही कळवायचं आणि भरलेली पूर्ण रक्कम परत घ्यायची. व्याज मिळत नाही, मुद्दल मिळतं.

म्हणजे वादळ तेच, बोट तीच, तरीही आधी ‘रद्द’ तुम्ही म्हणालात तर सगळं नुकसान तुमचं, आणि मालकाला बोट देता आली नाही तर पैसे तुमचे. ब्रोकरने सुचवलेला ईमेल तुम्हाला आपणहून पहिल्या कलमात नेऊन बसवतो. ब्रोकरच्या हेतूबद्दल मी काही म्हणत नाही. पण मालकाचा समजूतदारपणा करारात कुठेही लिहिलेला नाही.

आता ती ठरावीक मुदत. तुमच्या पत्रात तुम्ही ‘४८ तास वाट पाहावी लागते’ असं लिहिलं आहे. वाक्य पुरतं वाचलेलं नाही. पुढे आहे : ‘किंवा भाडेकाळाचा एक दशांश, यांपैकी जे कमी असेल ते.’ सात दिवसांचे १६८ तास, त्यांचा दशांश १६ तास ४८ मिनिटं. तुमच्या बाबतीत ही मुदत १८ ऑक्टोबरच्या पहाटे ४ वाजून ४८ मिनिटांनी संपते. त्याआधी बोट मिळाली तर जेवढे तास वाया गेले तेवढ्यांचंच भाडं परत मिळेल आणि सहल करावी लागेल. त्यानंतर मात्र निर्णय तुमच्या हातात येतो. तो लेखी कळवायचा, वेळ घालून. त्या रात्री फोनवर कोणी ‘उद्या दुपारपर्यंत थांबा, बोट येतेच आहे’ असं म्हणालं आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात, तर हा हक्क सोडून दिल्याचा वाद उभा राहू शकतो. ‘हक्क राखून थांबतो आहोत’ एवढं एक वाक्य तरी तेव्हाच ईमेलने जाऊ द्या.

भीती हे करार मोडण्याचं कारण होत नाही. अटलांटिकमधला वादळांचा मोसम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो, हे जगाला ठाऊक आहे. जे सही करताना माहीत होतं, किंवा माहीत असायला हवं होतं, ते नंतर ‘अकल्पित’ म्हणून मांडता येत नाही. भाडं त्या आठवड्यात एवढं उतरलेलं का आहे, हा प्रश्न तीन कुटुंबांतल्या एकालाही पडू नये याचं मला वाईट वाटतं. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा हे पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीचं वादळ याच बेटांवरून गेलं. टॉर्टोलाच्या पॅराक्विटा खाडीत, जिथे बोटी आसऱ्याला नेऊन बांधतात तिथेच, कॅटामरान एकमेकींवर उलट्या होऊन पडल्या होत्या. करारावर सही करण्याआधी पाच मिनिटं शोधलं असतं तरी हे दिसलं असतं.

खरी अडचण तारखांची आहे. दुसरा हप्ता महिनाभर आधी भरायचा, आणि वादळाच्या मार्गाचा अंदाज अमेरिकेचं राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्र पाच दिवसांपुरताच देतं. चक्रीवादळाचा पक्का इशारा तर जोराचे वारे पोचण्याच्या साधारण ३६ तास आधी निघतो. १७ सप्टेंबरला तुम्हाला १७ ऑक्टोबरबद्दल कोणीच काही सांगू शकणार नाही. म्हणून जे काय बोलून घ्यायचं ते आत्ताच, दुसरा हप्ता तुमच्याकडे असेपर्यंत. तो एकदा गेला की तुमच्या विनंतीला वजन उरत नाही.

मालकाकडे पुरवणी करार मागा. त्यात असं हवं : ताबा मिळण्याच्या आधीच्या ७२ तासांत या बेटांसाठी चक्रीवादळाची पूर्वसूचना किंवा इशारा लागू असेल, तर भाडं भरणाऱ्याला कोणतीही वजावट न होता तारखा पुढे नेता येतील. किती महिन्यांच्या आत, ते आकड्यात लिहून घ्या, आणि नव्या तारखांना भाड्यातला फरक कोण सोसणार तेही. मधल्या आठवड्यात वादळ आलं आणि बोट आसऱ्याला नेऊन बांधली, तर त्या दिवसांचं काय, याचंही एक वाक्य असू द्या, कारण मूळ मसुदा याबाबत तुमच्या बाजूने पुरेसा स्पष्ट नाही. सही मालकाची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची हवी. ब्रोकरच्या ‘हो हो, होऊन जाईल’ला काही किंमत नाही.

त्याच पत्रात बोटीच्या विम्याचा दाखला मागा. ऑक्टोबरमध्ये या बेटांवर असताना नाव दिलेल्या वादळाने झालेलं नुकसान त्यात येतं का? मोसमात बोट दक्षिणेला न्यावी अशी अट अनेक विमा कंपन्या घालतात. वादळ येताना दिसलं की बोट हलवणं मालकाला भाग असेल, तर ताबा न मिळण्याची शक्यता कुठे आहे ते तुम्हाला आजच कळेल.

बाकी मुद्द्यांवर मी हात राखून बोलतो. बोट धक्क्याला तयार आहे आणि तुमचं विमान रद्द झालं, तर धोका बहुधा तुमचा धरला जाईल. ती जागा तुमच्या प्रवास विम्याची आहे, आणि पॉलिसी पाहिल्याशिवाय मी मत देणार नाही. एवढं नक्की की वादळाला नाव पडल्यावर काढलेला विमा त्या वादळासाठी सहसा चालत नाही, तेव्हा तो याच आठवड्यात काढा. अनेगाडाला जायचंच असा मुलांचा हट्ट आहे म्हणता. ते सखल प्रवाळ बेट आहे, त्याला लागून हॉर्सशू रीफ हा लांबलचक खडक आहे. कॅप्टन हवा पाहून नाही म्हणाला तर तो त्याचा अधिकार, त्याबद्दल परतावा मिळणार नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही ब्रोकरला ‘बहुतेक आम्ही कॅन्सल करू’ असं आधीच लिहून बसला आहात, ते मला आवडलेलं नाही. ‘बहुतेक’ शब्दामुळे आणि करारात लेखी नोटीस हवी असल्यामुळे ते रद्द केल्याचं ठरू नये, असं माझं मत आहे. तरी आजच एक ओळ ईमेलने पाठवा : ‘आम्ही करार रद्द केलेला नाही, तो चालू आहे.’

वाद झालाच तर तुमच्या करारानुसार लंडनमध्ये लवाद, इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे. आठवड्याच्या भाड्यासाठी तिथे भांडायचं तर निकाल लागेपर्यंत वकील आणि लवादाच्या शुल्कात त्यातलं किती उरेल, याचा विचार करा. म्हणून माझा सगळा जोर आत्ताच्या कागदावर आहे.

मालकाने पुरवणी करार नाकारला तर? मग दोनच वाटा उरतात. पहिला हप्ता सोडून देऊन आजच मोकळं व्हायचं, किंवा पूर्ण पैसे भरून ऑक्टोबरची वाट पाहायची. पहिल्या वाटेने गेलात तर बोट दुसऱ्या कोणाला दिली जावी असा लेखी आग्रह धरा. तसं झालं तर मिळालेलं निव्वळ भाडं तुमच्या खात्यात वळतं करायचं कलम आहे, पण ऑक्टोबरमध्ये नवीन गिऱ्हाईक मिळण्याची आशा फार धरू नका. मी असतो तर दुसरी वाट धरली असती. तिसरी वाट, म्हणजे हप्ता थोडा लांबवून बघू, ही मात्र मुळीच नको. तारीख चुकली की मालक तुम्हालाच कसूरदार ठरवून करार संपवू शकतो, पहिला हप्ता ठेवून घेऊ शकतो, आणि मग वर सांगितलेलं दुसरं कलम तुमच्या कामाचं राहत नाही. करारात १७ सप्टेंबर ही पैसे खात्यात जमा होण्याची तारीख आहे, तुमच्या बँकेतून निघण्याची नाही. परदेशी रक्कम पोचायला कामाचे काही दिवस जातात आणि मध्ये शनिवार-रविवार येतात. १० तारखेला पाठवा, आणि त्याआधी ते खातं ब्रोकरचं स्वतःचं आहे की ग्राहकांच्या ठेवीसाठी वेगळं ठेवलेलं, हे लेखी विचारून घ्या.