दुसऱ्या प्रकरणात ‘मी’ कुठे बसतो?

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचे, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचे आहेत. त्यातले चार घेतो.

प्रश्न : माझा विषय नवजात बाळांची घरच्या घरी काळजी हा आहे. गाईडनी आढाव्यातली ‘मला वाटते’ असलेली सगळी वाक्यं खोडली आणि खाली शेरा मारला, ‘संशोधकाचे मत कुठे आहे?’ मी नेमकं करू काय? (नांदेड)

उत्तर : वैतागू नका, तुमच्या गाईडचं दोन्ही बाबतींत बरोबर आहे. तुम्ही पाठवलेली पानं वाचली. प्रत्येक परिच्छेद ‘अमुक यांनी अभ्यास केला, त्यांना असे आढळले’ असा सुरू होतो. हा झाला हजेरीपट. मधूनच ‘हा अभ्यास मला प्रेरणादायी वाटला’ असं येतं. ती झाली दाद. मत या दोन्हींत नाही.

तुमच्याच पानांवरचे चार आकडे घ्या. गडचिरोलीत अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली नवजात मृत्युदरातली घट ६२ टक्के होती. उत्तर प्रदेशातल्या शिवगढला (२००८) ती ५४, बांगलादेशातल्या सिल्हेटला (२००८) ३४ आणि पाकिस्तानातल्या हाला भागात (२०११) १५ टक्के. हे आकडे तुम्ही चार वेगवेगळ्या पानांवर ठेवलेत. ते एका ओळीत मांडा, म्हणजे प्रश्न आपोआप उभा राहतो : एवढा फरक का?

गडचिरोलीत गावातल्याच प्रशिक्षित बाया जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शनही देत. तेव्हा किमया इंजेक्शनाची, असं म्हणावंसं वाटतं. पण शिवगढला भर होता बाळाला उबेत ठेवणं, लगेच अंगावर पाजणं अशा सवयींवर. इंजेक्शन नसताना तिथे घट निम्म्याहून जास्त! हाला भागात काम सरकारी यंत्रणेतल्या आरोग्य सेविकांकडे होतं. शिवाय गडचिरोलीत गावांची वाटणी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखी, नव्हती, बाकी तिन्ही ठिकाणी होती. आता लिहा : ‘इंजेक्शनाशिवायही मोठी घट दिसत असल्याने गडचिरोलीच्या यशाचे श्रेय केवळ औषधाला देता येत नाही, सेवा कोणी दिली व ती किती घरांपर्यंत पोचली, हेही पाहावे लागते.’ यात ‘मला वाटते’ नाही, पण मत तुमचंच आहे. बहिःस्थ परीक्षक व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, याच वाक्यावर बोट ठेवतील, आणि उत्तर तुमच्याजवळ तयार असेल.

प्रश्न : सर, मी नऊ वर्षं आशा म्हणून काम केलं आहे. छापील अभ्यासात लिहितात तसं गावात नसतं. हे आढाव्यात लिहू का? (यवतमाळ)

उत्तर : ताई, आढाव्यात नको. तुमच्या नऊ वर्षांची जागा प्रस्तावनेत आहे, आणि पद्धतीच्या प्रकरणातही, कारण त्या अनुभवाबरोबर पूर्वग्रहही येतो आणि तो सांगून टाकलेला बरा. पण आढावा लिहिताना तो अनुभव पेटीत बंद करू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं तर घरी सहा भेटी, घरी झालं तर सात, हे तुम्हाला पाठ आहे. फॉर्म भरलेला असणं आणि भेट झालेली असणं यातलं अंतरही तुम्हीच जाणता. मग प्रत्येक अभ्यासाला एकच विचारा : भेटी मोजल्या कशावरून, फॉर्मवरून की आईला विचारून? या प्रश्नावर अभ्यासांचे दोन गट पाडा. माझ्यासारख्या टेबलाशी बसलेल्या माणसाला हा प्रश्न सुचलाच नसता.

प्रश्न : इतिहासातल्या मोठ्या नावाशी माझं जमत नाही. त्यांना चूक म्हणणं उद्धटपणा ठरेल का? (कोल्हापूर)

उत्तर : साधन दाखवलंत तर नाही. ग्रँट डफने १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासात शिवजन्म १६२७ चा धरला. टिळकांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या तिथीवार नोंदींत) मात्र फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी मिळाली. आता डफला अडाणी ठरवायची गरज उरते का? ‘त्यांच्यापुढे ही शकावली नव्हती’ एवढं पुरतं. मोठ्या नावाशी भांडायचं तर आधी त्याच्या टेबलावर कोणते कागद होते ते पाहा. कागद तेच असतील आणि तरी तुमचा अर्थ वेगळा निघत असेल, तर मूळ ओळ उद्धृत करून तिथेच वाद घाला. ‘सुप्रसिद्ध’, ‘थोर’ ही विशेषणं मात्र काढा. आदर संदर्भ अचूक देण्यात दिसतो.

प्रश्न : ‘मी’ लिहू की ‘प्रस्तुत संशोधक’? (पुणे)

उत्तर : विभागाची रीत असेल ते. मला स्वतःला ‘प्रस्तुत संशोधकास असे वाटते’ हे ‘मला वाटते’पेक्षा जास्त खटकतं, तेच मत, फक्त कोट घालून आलेलं. दोन्ही खोडून वाक्य वाचा. खाली आधार उरला तर ठेवा, नाहीतर वाक्यच जाऊ द्या.