डार्थ वेडरने ल्यूकला प्रेमापोटी वाचवलं की एम्पररवर सूड उगवला? मुखवट्यामुळे चेहराच दिसत नाही, मग ठरवायचं कसं? आणि स्टार वॉर्स कुठल्या क्रमाने बघू?

प्रेमापोटी. चेहरा दिसत नाही म्हणूनच ते इतकं भिडतं असं माझं ठाम मत आहे, आणि नेमक्या याच मुद्द्यावरून माझं नि माझ्या मावसभावाचं कित्येक वर्षं वाजलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

दादा अमेरिकेत असतो. २०११ ला सहा भागांचा ब्लू-रे सेट आला तो घेऊन दिवाळीत आमच्याकडे डोंबिवलीला आला होता. आम्ही सगळी भावंडं हॉलमध्ये गाद्या टाकून बसलेलो, 'रिटर्न ऑफ द जेडाय' लावलेला. शेवटाकडचा तो सीन आला, एम्परर, म्हणजे वेडरचा मालक, ल्यूकवर वीज सोडतोय, ल्यूक जमिनीवर तळमळत बापाला, म्हणजे वेडरलाच, हाका मारतोय आणि वेडर नुसता उभा. त्याचा एक हात थोड्या वेळापूर्वी पोरानेच छाटलाय. तो एम्पररकडे बघतो, पोराकडे बघतो, परत एम्पररकडे. काळ्या हेल्मेटवर विजेचा निळा उजेड लकलकतोय. मी डीव्हीडीवर हे इतक्यांदा बघितलेलं की पुढचा प्रत्येक शॉट पाठ होता, वेडर एक शब्द बोलत नाही, सरळ एम्पररला उचलतो आणि फेकतो. तर त्या दिवशी टीव्हीतून आवाज आला, "नो", आणि उचलताना आणखी एक लांबलचक "नोऽऽऽ". २०११ च्या आवृत्तीत घुसडलेला. माझं डोकंच फिरलं. दादा मात्र खूश, म्हणतो, "बघ, आता कळतं तरी त्याच्या मनात काय चाललंय, आधी नुसतं डबडं उभं असायचं."

डबडं! अहो, त्या डबड्यात डेव्हिड प्राऊजचं शरीर आहे, तलवारबाजीला बॉब अँडरसन, आवाज जेम्स अर्ल जोन्सचा, श्वासाचा आवाज बेन बर्टने स्कूबा डायव्हरच्या श्वसनयंत्रातून काढलेला आणि शेवटी मुखवट्याखाली निघतो तो चेहरा सबॅस्टियन शॉचा. एवढ्या जणांनी मिळून एक माणूस उभा केलाय, आणि त्या सीनमध्ये त्याच्याकडे वापरायला फक्त मान आहे. दोनदा मान वळते तेवढ्यात आपण त्याच्या जागी जाऊन बसतो, तो काय ठरवतोय ते आपल्या आत ठरतं. तिथे ओरडून सांगितलं की बघणाऱ्याला काही कामच उरत नाही.

सूडवाल्यांचा मुद्दा मला माहीत आहे, दादा ग्रुपवर तोच टाकत बसतो. १९८० च्या भागात वेडर स्वतःच ल्यूकला म्हणतो की आपण दोघं मिळून एम्पररला संपवू आणि बापलेक राज्य करू, आणि २००५ च्या भागात पॅल्पटीन, म्हणजे हाच एम्परर, त्याला सांगतो की पॅद्मेला, म्हणजे तुझ्या बायकोला, तूच रागाच्या भरात मारलंस, म्हणजे खुन्नस जुनी आहे. मान्य. पण मग इतकी वर्षं का थांबला? बरं, सूड घेणारा माणूस स्वतः जिवंत राहायची सोय बघतो. याने विजेचा लोळ अंगावर घेऊन त्याला उचललं, तेही श्वासाचं यंत्र अंगावर असताना. आणि एम्परर मेल्यावर तो जिंकल्याचं एक अक्षर बोलत नाही, पोराला मुखवटा काढायला सांगतो. ल्यूक म्हणतो तुम्ही मराल, तरी काढायला लावतो, का तर एकदा स्वतःच्या डोळ्यांनी त्याला बघायचंय. हा सूड आहे होय रे दादा? वाचत असशील तर याचं उत्तर दे, फक्त यूट्यूबच्या लिंका नकोत.

आता एक सांगायला हवं, याने त्याची पापं धुतली जातात असं मी म्हणत नाहीये. याच माणसाने लेयाचा, म्हणजे ल्यूकच्या बहिणीचा, छळ केला होता, आणि वाचवायच्या थोडंच आधी हाच ल्यूकला धमकावत होता की तू आमच्या काळ्या बाजूला नाही वळलास तर तुझी बहीण वळेल. त्यामुळे प्रेम म्हणजे अगदी शुद्ध वगैरे नाही, उशिरा आलेलं आणि फक्त एका पोरापुरतं. पण प्रेमच.

क्रम विचारलात तर आधी १९७७, १९८०, १९८३ चे भाग, मग बाकीचे. हल्ली स्ट्रीमिंगवरही तो "नो" वालाच आहे, तेव्हा वेडर दुसऱ्यांदा मान वळवायला लागला की म्यूट दाबा आणि एम्परर खाली पडेपर्यंत तसंच ठेवा.