वीरांची फजिती शोध

प्रिय मित्रा,

तुझं टिपण वाचलं. मध्ययुगीन युरोपातले नाइट (घोडेस्वार योद्धे) आणि कॉमिक्समधले सुपरहिरो यांच्या पुरुषार्थाची तुलना करायला निघालास आणि सगळा भर दंड-तलवारींवर दिलास. अंगात बळ दोघांच्याही आहे, ते पहिल्या पानालाच कळतं. माझं ऐकशील तर हाणामारी बाजूला ठेव आणि या वीरांची फजिती कुठे होते ते शोध.

आर्थर राजाच्या दरबारातला नाइट लॅन्सलॉट घे. क्रेतियँ द त्रुआ या फ्रेंच कवीनं ११८०च्या आसपास त्याची कथा रचली. पळवून नेलेल्या राणीच्या शोधात असताना वाटेत त्याला एक बुटका गाडीवान भेटतो. गाडीत बस, उद्यापर्यंत राणीचा ठावठिकाणा कळेल, म्हणतो. ती गाडी गुन्हेगारांची धिंड काढायची. तीत बसला त्याची अब्रू गेलीच. लॅन्सलॉट दोन पावलं घुटमळतो, मग चढतो. पुढे जिवावर उदार होऊन तो राणीपर्यंत पोचतो, तर ती तोंड फिरवते. का, तर ती दोन पावलं! नंतर एका स्पर्धेत तो वेश पालटून उतरतो, आणि राणी निरोप धाडते: वाईटात वाईट लढ. हा दिवसभर भित्र्यासारखा पळत राहतो, लोक टिंगल करतात.

आता १९३८चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक काढ. सुपरमॅनची ही पहिलीच कथा, जेरी सीगल आणि जो शूस्टर यांची. क्लार्क केंट, म्हणजे साध्या माणसाच्या वेशातला सुपरमॅन, त्याच्याच वर्तमानपत्रातल्या लोइसला नाचायला घेऊन गेलाय. एक मवाली मध्ये घुसतो आणि क्लार्क मुद्दाम शेपूट घालतो. लोइस त्याला भेकड म्हणून निघून जाते. पुढे मुखपृष्ठावरचा तो प्रसंग: त्याच मवाल्याची मोटार सुपरमॅन डोक्यावर उचलतो.

दोघंही सोंग घेऊन भित्रे होतात आणि दोघांनाही नंतर उट्टं काढायला मिळतं. पण राणीला हा लॅन्सलॉटच, याची खूण पटते ती त्याच्या पळपुटेपणावरून. असं निमूट ऐकणारा दुसरा कोण असणार? लोइसपासून मात्र क्लार्क पळपुटेपणाआडच लपतो. खरं काय ते फक्त वाचकाला माहीत. ‘माझ्यात काय आहे ते तिला कळलंच नाही’ हे समाधान पोरसवदा वाचकाला फार गोड लागतं. (तुलाही लागलंय, टिपणात दिसतं.) म्हणून क्लार्कची नामुष्की मला स्वस्तातली वाटते. गाडीत चढलेल्या लॅन्सलॉटला ‘गाडीतला नाइट’ हे नाव चिकटतं, आणि गावोगाव लोक त्यावरून त्याला टोचतात.

आणखी एक. नाचाच्या त्या प्रसंगात मवाल्याच्या थोबाडीत मारते ती लोइस. तुझ्या टिपणात तिचं नाव एकदाही आलेलं नाही. पुढच्या खर्ड्याची सुरुवात तिथून कर, आणि महिनाअखेरीआधी पाठव.

तुझे सर