मोजमाप कुठे घेतले आणि कोणाचे घेतले?

शस्त्रक्रियेच्या वेळचे शरीराचे तापमान आणि रक्तदात्यांचे समाधान या विषयांवर वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न: आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आईला बराच वेळ हुडहुडी भरली होती. शस्त्रक्रियागृहातील वातानुकूलनामुळे असे होते का?

वातानुकूलनाचा वाटा असतो, पण सुरुवात भुलीपासून होते. एरवी थंडी वाजू लागली की हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि ऊब छाती-पोटात राखली जाते. संपूर्ण भूल दिल्यावर हे आकसणे सुटते, आतले उष्ण रक्त हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासाभरातच शरीराच्या गाभ्याचे तापमान १ ते १.५ अंश सेल्सियसने उतरू शकते. उघडे पोट, थंड सलाईन आणि खोलीतील गारवा यांची भर त्यानंतर पडते. म्हणूनच भूल देण्याआधी गरम हवेच्या पांघरुणाने ऊब देणे उपयोगी ठरते, कारण हातपाय आधीच उबदार असले की गाभ्यातील उष्णता तिकडे कमी जाते. प्रत्येक हुडहुडी थंडीचीच असते असे नाही, वेदना किंवा ताप यांमुळेही ती भरते. तरी पुढील शस्त्रक्रियेपूर्वी हा अनुभव भूलतज्ज्ञांना अवश्य सांगावा.

प्रश्न: मी भूलशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. १९९६ च्या अभ्यासात रुग्णाला उबदार ठेवल्याने मोठा फायदा दिसला, २०२२ च्या चाचणीत मात्र काहीच फरक दिसला नाही. मग खरे काय मानावे?

दोन्ही निष्कर्ष खरे मानता येतात, मात्र त्यांतील तापमाने शेजारी शेजारी ठेवून पाहावी लागतील. कुर्झ, सेस्लर आणि लेनहार्ट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेचे २०० रुग्ण होते. एका गटाचे तापमान सरासरी ३४.७ अंशांपर्यंत उतरले, दुसऱ्याचे ३६.६ अंशांवर राखले गेले. जखमेतील संसर्गाचे प्रमाण पहिल्या गटात १९ टक्के, तर दुसऱ्यात ६ टक्के होते. 'प्रोटेक्ट' या २०२२ मधील चाचणीत चीनमधील बारा रुग्णालये आणि अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक येथील सुमारे ५,००० रुग्ण होते, आणि तुलना होती ३५.५ अंश व ३७ अंश यांची. हृदयाच्या स्नायूला इजा, हृदयक्रिया थांबणे किंवा ३० दिवसांत मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत १० टक्क्यांच्या आसपासच राहिले आणि जखमेतील संसर्गातही फरक आढळला नाही.

यावरून 'ऊब देण्याची गरज नाही' असे म्हणणे मला धोक्याचे वाटते, कारण ३५.५ अंशांच्या गटातील रुग्णांवरही सतत लक्ष होते आणि त्यांना त्याखाली घसरू दिले जात नव्हते. ज्या शस्त्रक्रियेत तापमान मोजलेच जात नाही, तिथला रुग्ण या गटात बसत नाही. प्रबंधासाठी विषय निवडायचा असेल, तर आपल्या रुग्णालयात किती रुग्णांचे गाभ्याचे तापमान नोंदवले जाते आणि शस्त्रक्रियेअखेर ते किती असते, एवढे प्रामाणिकपणे मोजणेही मोलाचे ठरेल.

प्रश्न: मी परिचारिका आहे. कपाळावर धरायच्या थर्मामीटरची नोंद चालेल का?

शस्त्रक्रियेदरम्यान त्यावर विसंबू नये. ते त्वचेचा अंदाज देते आणि खोलीचा गारवा, घाम, रक्तवाहिन्यांचे आकसणे यांनी तो बदलतो. संपूर्ण भुलीत अन्ननलिकेच्या खालच्या भागातील किंवा नाकामागील घशातील प्रोब (तापमान टिपणारी बारीक तार) अधिक विश्वासार्ह असतो. ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांनुसार भूल देण्यापूर्वी आणि नंतर शस्त्रक्रिया संपेपर्यंत दर ३० मिनिटांनी नोंद करायची असते.

प्रश्न: आमच्या रक्तदान शिबिरात अल्पोपाहाराच्या वेळी अभिप्राय घेतो. जवळजवळ सगळे 'अतिशय समाधानी' लिहितात, तरी पुढच्या वर्षी अनेक जण येत नाहीत. असे का होते?

आपण ज्यांना विचारता ते आनंदातच असतात. नुकतेच एक सत्कार्य झालेले असते, समोर कार्यकर्ते उभे असतात, आणि अशा वेळी कोणी तक्रार लिहीत नाही. ज्याला भोवळ आली तो बहुधा फॉर्म न भरताच घरी गेला, आणि ज्याला हिमोग्लोबिन १२.५ पेक्षा कमी म्हणून परत पाठवले, त्याला तर फॉर्मच मिळाला नाही. माझ्या मते या दोघांचे म्हणणे सर्वांत आधी ऐकावे. दोन-तीन आठवड्यांनी फोन करून 'समाधानी आहात का' याऐवजी नेमके विचारावे: किती वेळ थांबावे लागले, सुई टोचताना काय सांगितले गेले, नंतर चक्कर आली का, दंड काळानिळा झाला का. भोवळ आलेला दाता, विशेषतः पहिल्यांदा आलेला, पुन्हा येण्याची शक्यता कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. रक्तदानाच्या थोडे आधी अर्धा लिटर पाणी प्यायला देणे आणि रक्त देताना मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू आलटूनपालटून आवळायला सांगणे, या बिनखर्चाच्या गोष्टींनी भोवळ येण्याचे प्रमाण कमी करता येते.

प्रश्न: मी निरोगी आहे. तीन महिन्यांपेक्षा लवकर रक्तदान का करू देत नाहीत?

इंग्लंडमधील 'इंटरव्हल' चाचणीत ४५,००० हून अधिक दात्यांवर दोन वर्षे हेच तपासले गेले. पुरुषांसाठी १२, १० व ८ आठवडे, तर स्त्रियांसाठी १६, १४ व १२ आठवडे असे अंतर ठेवले होते. लवकर बोलावल्याने रक्त अधिक मिळाले आणि जीवनमानाच्या सर्वसाधारण प्रश्नावलीत फरक दिसला नाही. पण थकवा, भोवळ, पायांची अस्वस्थता अशा लक्षणांविषयी स्वतंत्र विचारले, तेव्हा वारंवार रक्त देणाऱ्यांत ती अधिक आढळली, शिवाय त्यांचे हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठाही घटला. आपल्याकडील पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर त्या चाचणीतील सर्वांत लांब अंतराहूनही थोडे अधिक आहे, आणि रक्तक्षयाचे प्रमाण जास्त असलेल्या आपल्या देशात ते तसेच पाळावे.