हेडफोन परत दे त्याला

"ताई, आम्ही ११ वर्षं डेन्व्हरजवळ राहतोय. मुलगा १५ चा आहे. गेलं दीड वर्ष सतत हेवी मेटल, म्हणजे ते कर्कश रॉक, ऐकतो, काळे टीशर्ट, वाढलेले केस, खोलीचं दार बंद. मागच्या महिन्यात शाळेला धमकी आली, लॉकडाऊन झाला, नंतर ती धमकी खोटी निघाली. पण त्या रात्री मी त्याचे हेडफोन काढून घेतले आणि कवट्यांची चित्रं असलेले दोन टीशर्ट कचऱ्यात टाकले. सासूबाई साताऱ्याहून फोनवर म्हणतात, असली गाणी ऐकूनच तिकडची पोरं बंदुका उचलतात. आता तो माझ्याशी बोलतच नाही. मी चुकले का?"

अगं, त्या लॉकडाऊनच्या वेळी तू फोन हातात धरून पार्किंगमध्ये उभी असशील आणि त्याचा मेसेज येईपर्यंत तुझं काय झालं असेल याची मला नीट कल्पना येते. त्या भीतीत माणूस जे हाताला लागेल ते धरतो, तुझ्या हाताला हेडफोन लागले. पण विचारलंयस म्हणून सांगते, हो, चुकलीस. टीशर्टचं तर जास्तच चुकलं, कारण ते त्याने आवडून घेतलेले होते आणि तू न विचारता फेकलेस.

सासूबाई जे म्हणतात ते काही त्यांनी एकट्यांनी शोधलेलं नाही, तुझ्याच कोलोरॅडो राज्यात जे घडलं त्यावरून अख्खा देश हेच म्हणत होता. २० एप्रिल १९९९, कोलंबाईन हायस्कूल. दोन पोरांनी १२ विद्यार्थी आणि एका शिक्षकांचा जीव घेतला आणि पुढच्या काही दिवसांत टीव्हीवर मॅरिलिन मॅन्सन या रॉक गायकाचं नाव सुरू झालं, मेकअप बघा, गाणी बघा, हाच तो. त्याच्या बँडला उरलेले शो रद्द करावे लागले. नंतर कळलं की ती पोरं त्याची फॅनच नव्हती, त्यांना दुसरेच जर्मन बँड आवडायचे. (मॅन्सनवर पुढे २०२१ मध्ये काही बायकांनी फार गंभीर आरोप केले, ते प्रकरण वेगळं, मी त्या माणसाची बाजू घेत नाहीये.)

आणि सगळे सीडीच्या कव्हरकडे बघत होते तेव्हा काय बाजूला पडलं ते ऐक. शेजारच्या एका कुटुंबाने वर्षभर आधीच पोलिसांना जाऊन सांगितलं होतं की या दोघांतला एक मुलगा वेबसाईटवर आमच्या मुलाला मारायच्या धमक्या लिहितोय. घराची झडती घ्यायचा कागद तयार झाला, तो जजसमोर गेलाच नाही. चारपैकी तीन बंदुका १८ वर्षांच्या एका मैत्रिणीने गन शोमधून घेऊन दिल्या, काही तपासणी नाही. दुसऱ्या मुलाच्या डायरीत १९९७ पासून स्वतःला संपवायचे विचार लिहिलेले होते, आणि त्याची आई, ती पण अगदी तुझ्यामाझ्यासारखी लक्ष देणारी बाई, तिला मुलगा गेल्यावर ते वाचायला मिळालं. मला ही डायरीची गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. कारण गाण्याला दोषी ठरवलं की आपल्याला एक उत्तर मिळतं, आणि उत्तर मिळालं की आपण पोराकडे बघायचं थांबतो.

आता तू म्हणशील, पण ताई काही पोरांनी स्वतःच सांगितलंय ना गाण्यामुळे झालं म्हणून. हो, सांगितलंय. नेवाडामध्ये डिसेंबर १९८५ ला १८ आणि २० वर्षांच्या दोन मित्रांनी दिवसभर दारू, गांजा आणि जूडास प्रीस्ट या मेटल बँडची गाणी असं करून चर्चच्या खेळायच्या मैदानात स्वतःवर गोळी झाडली. एक तिथेच गेला, दुसरा चेहरा गमावून तीन वर्षं जगला, आणि त्याने मित्राच्या आईला पत्र लिहिलं की दारू आणि त्या गाण्यांनी आम्हाला भारून टाकलं होतं. त्याच्या दुःखावर मी बोट ठेवणार नाही. पण १९९० मध्ये रीनोच्या कोर्टात केस चालली, गाण्यात लपवून 'कर' असा हुकूम घातलाय असा दावा होता, गायकाने कोर्टात उभं राहून गाऊन दाखवलं, आणि जजने सांगितलं की तसा आवाज येतो खरा पण तो गिटार आणि श्वास योगायोगाने एकत्र आल्यामुळे, कुणी मुद्दाम घातलेला नाही. त्याच केसमध्ये त्या मुलांच्या घरातली मारहाण आणि नशा हे सगळंही बाहेर आलं, ते किती जणांच्या लक्षात राहिलं?

उलट बाजूही बघ. अर्कान्सामध्ये १९९३ साली तीन लहान मुलांचे खून झाले, आणि १९९४ मध्ये तीन टीनएजर दोषी ठरले. ठोस पुरावा जवळजवळ नव्हता, पण एक जण काळे कपडे घालायचा, मेटालिका हा मेटल बँड ऐकायचा, हे कोर्टात पुरावा म्हणून सांगितलं गेलं. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली. १८ वर्षं आत काढून २०११ मध्ये तिघे सुटले. तुझ्या मुलाचे टीशर्ट तू कचऱ्यात टाकलेस तेव्हा हेच डोक्यात आलं माझ्या, की काळा टीशर्ट बघून परक्या माणसांनी संशय घेणं वेगळं आणि आईने घेणं वेगळं.

मग काळजी करायचीच नाही का? कर, पण योग्य ठिकाणी. तो ज्या मित्रांकडे जातो त्यांच्या आईबाबांना सरळ विचार, घरात बंदूक आहे का, कुलपात असते का. आपल्याला असं विचारायला ऑकवर्ड होतं मला माहितीये, पण तिकडे शाळेत गोळीबार करणाऱ्या बहुतेक पोरांना बंदूक स्वतःच्या किंवा नातेवाइकाच्या घरातच मिळालेली असते. झोप उडालीये का, जेवण तुटलंय का, आधीचे मित्र अचानक सुटलेत का, मरण्याचं किंवा कुणाला मारायचं बोलतो का, हे बघ. तसं काही दिसलं तर थांबू नकोस, ९८८ ला फोन कर, जिवाचं बरंवाईट करायचे विचार येणाऱ्यांसाठीची तिकडची हेल्पलाइन, दिवसरात्र चालू असते, शाळेच्या काउन्सेलरला गाठ. आणि कोलोरॅडोत सेफटूटेल आहे, कुणाबद्दल भीती वाटली तर नाव न सांगता कळवता येतं, कोलंबाईननंतरच सुरू झालेलं, मुलालाही सांगून ठेव. तुझ्या पत्रात तरी यातलं काही दिसलं नाही मला, फक्त गाणी, केस आणि बंद दार दिसलं. १५ व्या वर्षी दार बंद असतंच गं.

सासूबाईंना सांग की नातवाला फोनवर त्याच्या बँडचं नाव विचारा, आजीने विचारलं तर तो नक्की सांगेल.

आणि तू आज हेडफोन नेऊन दे. दारावर टकटक कर, आत जाऊन फक्त एवढंच म्हण की त्या दिवशी मी खूप घाबरले होते आणि टीशर्ट फेकायला नको होते, सॉरी. 'पण' म्हणून पुढे वाक्य जोडू नकोस. नवे टीशर्ट त्याच्या पसंतीने घ्या. मग कधीतरी त्याला क्लासला सोडताना गाडीत म्हण, तुझं एक गाणं लाव ना, आवाज कमी करायला न सांगता पूर्ण ऐक, आणि विचार यात तुला काय आवडतं. पहिल्यांदा खांदे उडवून "काही नाही" म्हणेल. मग पुढच्या गुरुवारी परत विचार.