‘लेझी लोडिंग’मधल्या ‘लेझी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एकपानी वेब अ‍ॅपच्या चाचण्यांबद्दल मराठीत लिहिताना ‘लेझी लोडेड राऊट’ला ‘आळशी राऊट’ म्हटलं तर चालेल का, की ‘विलंबित’ बरं? राऊट म्हणजे अ‍ॅपमधला एक पत्ता आणि त्यावर दिसणारा भाग; ‘लेझी लोडेड’ म्हणजे त्या भागाची फाइल सुरुवातीलाच आणलेली नसते.

‘आळशी’ नकोच. आळशी माणूस काम अंगावर आलं तरी टाळतो. हा राऊट तसं करत नाही. कोणी त्या पत्त्यावर गेलं की लगेच आपली फाइल मागवतो; तोवर मागवत नाही, एवढंच.

‘विलंबित’ कानाला छान लागतो, पण माझा खरा आक्षेप त्यावरच आहे. विलंब म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, किती? मग चाचणी लिहिणारा ‘दोन सेकंद थांब’ अशी ओळ टाकून मोकळा होतो. ती चाचणी वेगवान मशीनवर पास होते आणि धिम्या मशीनवर अधूनमधून नापास. इथे मुद्दा उशिराचा नाही, मागणीचा आहे. समजा, चाचणीत ‘अहवाल’ या लिंकवर क्लिक केलं आणि लगेच पुढच्या ओळीत ‘मासिक अहवाल’ हे शीर्षक शोधलं. ते सापडणार नाही, कारण फाइल मागवणाऱ्या इम्पोर्टने दिलेलं प्रॉमिस, म्हणजे ‘फाइल आली की देतो’ हा कोडमधला वायदा, अजून पुरं झालेलं नसतं. टेस्टिंग लायब्ररी या चाचण्यांच्या साधनात, एकदाच बघणाऱ्या ‘गेट’ऐवजी ‘फाइंड’ने सुरू होणारी क्वेरी (पानावर काही शोधणारं फंक्शन) घेतली, तर ती शीर्षक दिसेपर्यंत पुन्हापुन्हा बघते. वेगळं काही सांगितलं नसेल तर १००० मिलिसेकंदांपर्यंत. शीर्षक ५० मिलिसेकंदांत आलं तर चाचणी तिथूनच पुढे सरकते.

म्हणून मी ‘लागेल तेव्हा लोड होणारा राऊट’ असं लिहितो. लांब आहे, पण पहिल्या वाचनात कळतं. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘मागणीनुसार लोडिंग’. ‘यथावकाश’ घेऊ नका, त्यात सवडीचा अर्थ आहे आणि इथे सवड कोणालाच नाही.

कोडमधल्या नावांना मात्र हात लावू नये. रिअ‍ॅक्ट या वेब अ‍ॅप बनवायच्या लायब्ररीत २०१८ साली, १६.६ या आवृत्तीत, ‘लेझी’ नावाचं फंक्शनच आलं. ते ‘लेझी’च राहू द्या, नाहीतर वाचकाला कोडमध्ये शोधता येणार नाही.

आणखी एक, न विचारलेलं. अनेकवचनात ‘राऊट्स’ कशाला? ‘मार्ग’सारखाच ‘राऊट’ही आपण पुल्लिंगी वापरतो: एक राऊट, तीन राऊट, राऊटांची चाचणी.