उजळणी वर्गासाठी पुणे विद्यापीठात येताना : मुक्काम, प्रवास आणि परिसर

मॅडम, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात जूनअखेरीस होणाऱ्या, महाविद्यालयीन प्राध्यापकांसाठीच्या दोन आठवड्यांच्या उजळणी वर्गासाठी (रिफ्रेशर कोर्ससाठी) आपण परभणीहून येत आहात आणि पुण्यात उतरायचे कुठे, राहायचे कुठे, जेवणाचे काय आणि जयकर ग्रंथालय वापरता येईल का, असे चार प्रश्न आपण विचारले आहेत. माझे पदव्युत्तर शिक्षण याच विद्यापीठात झाले, पुढे औंधातच घर झाले, आणि अशा वर्गांसाठी बाहेरगावहून येणारे सहकारी वरचेवर भेटत असतात, त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देतो. प्रश्नांचा क्रम मात्र बदलतो, कारण मुक्काम एकदा नीट ठरला की उरलेले तीन प्रश्न निम्मे सुटतात.

बहुतेक सहभागी पुण्यातल्या नातेवाइकांचा विचार आधी करतात. हडपसरला मावशी असते, सिंहगड रस्त्याला चुलतभाऊ असतो, "दोन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे" असे दोन्हीकडून आग्रहाने म्हटले जाते आणि लॉजचा खर्चही वाचतो. माझे स्पष्ट मत असे आहे की हा मोह टाळावा. वर्ग सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो, सकाळच्या आणि दुपारच्या अशा दोन्ही सत्रांना हजेरीपटावर सही करावी लागते, आणि हडपसर किंवा धायरीहून निघालेल्या माणसाला ऐन गर्दीच्या वेळी सगळे शहर ओलांडून विद्यापीठ चौकात यावे लागते. या चौकात औंध, बाणेर, पाषाण आणि शिवाजीनगर अशा चारही बाजूंची वाहतूक एकत्र येते, त्यात हिंजवडीला जाणाऱ्या नोकरदारांची भर पडते. तिथले जुने उड्डाणपूल २०२० मध्ये पाडण्यात आले, त्यानंतर मेट्रोच्या आणि नव्या पुलाच्या कामामुळे रस्त्यांची रचना वेळोवेळी बदलत राहिली आहे, त्यामुळे एखाद्या नातेवाइकाने "अर्ध्या तासात पोहोचशील" असे सांगितले तरी तो हिशेब रविवारचा समजावा. मावशीकडे शनिवारी मुक्कामाला अवश्य जावे. रोजचे राहणे मात्र विद्यापीठाच्या आसपासच असावे.

पहिली पसंती अर्थातच विद्यापीठाच्या अतिथिगृहाला. निवडपत्र हाती पडताच वर्गाच्या समन्वयकांना ईमेल करून आपल्यासाठी खोली राखून ठेवण्याची लेखी विनंती करावी आणि खोली एकटीला की दोघींत, जेवण तिथेच मिळते की बाहेर, आणि वर्गाच्या आदल्या संध्याकाळी प्रवेश मिळेल का, ही तीन उत्तरे लेखीच मागवावीत. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण रात्रभर प्रवास करून पहाटे पोहोचणाऱ्या माणसाला खोली दुपारी बारानंतर मिळणार असेल तर पहिला दिवस पिशव्या सांभाळण्यात जातो. अतिथिगृहात जागा नसल्यास औंध, मॉडेल कॉलनी, गोखलेनगर किंवा शिवाजीनगर या भागांत पाहावे. औंधात आणि गोखलेनगरात महिनाभरापेक्षा कमी मुदतीसाठी पेइंग गेस्ट ठेवणारी घरे विचारपूस केल्यास मिळतात, आणि वर्गातल्या दोघीतिघींनी मिळून खोली घेतल्यास खर्चही आटोक्यात राहतो. पुणे स्टेशनसमोरची स्वस्त लॉजेस एका रात्रीपुरती ठीक आहेत, दोन आठवड्यांसाठी नाहीत.

आता प्रवासाबद्दल. रेल्वेने येणार असाल तर तिकिटावरचे शेवटचे स्थानक नीट वाचावे, कारण काही गाड्या आता पुणे स्थानकापर्यंत न येता हडपसरलाच संपतात आणि तिथून विद्यापीठ बरेच लांब पडते. पुणे स्थानकावर उतरल्यास मेट्रो सोयीची आहे. वनाज-रामवाडी मार्गिकेने वनाजच्या दिशेने जिल्हा न्यायालय स्थानकापर्यंत यावे, तिथे मार्गिका बदलून पिंपरी-चिंचवडच्या दिशेने एकच स्थानक पुढे शिवाजीनगरला उतरावे, आणि तिथून विद्यापीठापर्यंतचे तीनेक किलोमीटर रिक्षाने किंवा पीएमपीच्या बसने जावे. पहाटे मेट्रो सुरू झालेली नसते, तेव्हा सरळ रिक्षा करावी. रिक्षाचे भाडे २०२२ च्या सप्टेंबरपासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये असे ठरले. त्यात पुढे वाढ झाली असली तरी कोणी भलताच आकडा सांगितला तर तो भलता आहे हे ओळखण्यापुरता हा हिशेब पुरतो.

एसटीने येणाऱ्यांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. मराठवाड्याकडून येणाऱ्या गाड्यांवर "शिवाजीनगर" अशी पाटी असते, परंतु शिवाजीनगरचे मूळ बसस्थानक मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या अखेरीस वाकडेवाडीला हलवण्यात आले. जुन्या आठवणीवर विसंबून कोणाला शिवाजीनगर रेल्वे स्थानकाशेजारी न्यायला बोलावले असेल, तर ते तिकडे आणि आपण इकडे, असा प्रसंग होतो. खासगी ट्रॅव्हल्सच्या गाड्या नगर रस्त्याने वाघोली, खराडी, येरवडा असे करत शहरात येतात आणि बऱ्याच गाड्या संगमवाडीला थांबतात. वाकडेवाडी आणि संगमवाडी ही दोन्ही ठिकाणे विद्यापीठाच्या दृष्टीने पुणे स्टेशनपेक्षा जवळची आहेत, म्हणून रात्रीची बस हा पर्याय वाटतो तितका वाईट नाही. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून स्वारगेटला उतरणाऱ्या वाचकांसाठी सांगतो की स्वारगेटहून शिवाजीनगरपर्यंत थेट मेट्रो आहे, मधल्या पेठांतून रिक्षाने येण्याचे काही कारण उरलेले नाही.

याच स्वारगेटवर आणखी एक घोटाळा नेहमी होतो. तिथे नुसते "विद्यापीठ" असे विचारले की सांगणारा माणूस पुष्कळदा भारती विद्यापीठाची बस दाखवतो, आणि ती धनकवडी-कात्रजकडे, म्हणजे नेमकी उलट्या दिशेला जाते. मुकुंदनगरच्या बाजूला टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे ते वेगळेच. त्यामुळे रिक्षावाल्याला आणि कंडक्टरला "गणेशखिंडीचे पुणे विद्यापीठ, मेन गेट" असे पुरते सांगावे. विद्यापीठाला सावित्रीबाईंचे नाव २०१४ मध्ये मिळाले, पण रस्त्यावरच्या बोलण्यात "पुणे विद्यापीठ" हेच अजून चटकन कळते. महापालिका भवनाजवळच्या स्थानकावरून औंध, बाणेर, पाषाण, हिंजवडीकडे जाणाऱ्या बहुतेक बस विद्यापीठावरून जातात, म्हणून संध्याकाळी गावात गेल्यास परत येण्यासाठी मनपाला येऊन बस पकडणे सर्वांत निर्धास्त असते.

आपला वर्ग जून-जुलैत असल्यामुळे पालख्यांची तारीख पंचांगात आधीच पाहून ठेवावी. ज्येष्ठ वद्य पक्षात ज्ञानोबा आणि तुकोबांच्या पालख्या पुण्यात येतात आणि दोन रात्री मुक्काम करतात. त्या आगमनाच्या दिवशी जुन्या मुंबई रस्त्यापासून, म्हणजे वाकडेवाडीपासून, फर्ग्युसन रस्त्यापर्यंत वाहतूक दुपारपासून वळवलेली असते. त्या दिवशी गावाहून निघणे किंवा गावी परतणे टाळावे; वर्ग लवकर सुटला तर चालत शिवाजीनगरला जाऊन पालखीचे दर्शन घेता येते, आणि परिसरात राहणाऱ्याला ते सहज जमते. नवरात्रात येणाऱ्यांनी सेनापती बापट रस्त्यावरची चतुःशृंगीची यात्रा अशीच लक्षात ठेवावी.

विद्यापीठाचा परिसर चारशे एकरांहून मोठा आहे. मुख्य प्रवेशद्वारातून आत शिरल्यावर आपला विभाग समोरच दिसेल अशी अपेक्षा ठेवू नये. मुख्य इमारतीपर्यंतच दहा-पंधरा मिनिटे चालावे लागते आणि काही विभाग त्याहून आत आहेत. वर्ग कोणत्या इमारतीत आहे आणि तिला कोणते प्रवेशद्वार जवळचे, हे समन्वयकांना आधी विचारून घ्यावे, कारण खडकीच्या बाजूलाही प्रवेशद्वार आहे आणि चुकीच्या बाजूने आत आल्यास सकाळची सगळी घाई पायांना भोगावी लागते. नकाशाच्या अॅपवर विद्यापीठाचे नाव टाकले की ते मुख्य इमारतीकडे नेते. म्हणून विभागाचे नाव टाकून शोधावे. दारावरचे सुरक्षारक्षक ओळखपत्र मागतात, तेव्हा महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि निवडपत्राची छापील प्रत पहिल्या दिवशी हाताशी ठेवावी. पावसाळ्यात झाडीखालचे पदपथ शेवाळाने निसरडे होतात, म्हणून नव्या चपलांपेक्षा पकड असलेल्या जुन्या सँडल बऱ्या. पुण्याचा जूनअखेरचा पाऊस परभणीसारखा एकदम कोसळून मोकळा होत नाही. तो दिवसभर भुरभुरत राहतो आणि दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात. लवकर वाळणारे कपडे आणि डास पळवणारे मलम सोबत असावे. अंधार पडल्यावर आतल्या रस्त्यांवर वर्दळ एकदम कमी होते, काही ठिकाणी दिवे दूर-दूर आहेत आणि भटकी कुत्रीही असतात, त्यामुळे रात्री आठनंतर एकटीने पायी जाण्याऐवजी सोबतीने यावे किंवा रिक्षा थेट अतिथिगृहापर्यंत न्यावी.

मुख्य इमारत मात्र एकदा सावकाश, उजेडात पाहावी. मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान म्हणून तिचे काम १८६४ मध्ये बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत सुरू झाले. २२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी याच वास्तूत झाली, आणि ती आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. ज्या रस्त्याच्या कोंडीबद्दल मी वर एवढे लिहिले, तो हाच रस्ता. आता त्या इमारतीच्या परिसरात सावित्रीबाई फुल्यांचा पुतळा आहे. २०२२ मध्ये त्याचे अनावरण झाले.

जेवणाबद्दल फार काळजी करू नये. परिसरात अनिकेत कँटीन आहे, विद्यार्थ्यांची रिफेक्टरी आहे, आणि चहा-पोह्यांपासून राइसप्लेटपर्यंत सर्व काही मिळते. दुपारी एक ते दोनच्या दरम्यान सर्वत्र रांग लागते. वर्गाची जेवणाची सुट्टी त्याच वेळी असल्यास दोघींनी मिळून एकीने रांगेत आणि दुसरीने टेबलापाशी उभे राहण्याची जुनी पद्धत अजून चालते. ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्यांना चार दिवसांत मैद्याचा कंटाळा येतो, तेव्हा घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि थोडे मेतकूट आणल्यास रात्रीचा प्रश्न मिटतो. पथ्यपाणी असेल तर औंध गावठाणाकडे घरगुती डबा देणारे लोक आहेत. पहिल्याच दिवशी स्थानिक सहभागींना विचारावे.

जयकर ग्रंथालयाबद्दल आपण विचारले आहे. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांचे नाव त्याला दिलेले आहे. वर्गाच्या सहभागींना वाचनकक्षात बसून संदर्भ पाहण्याची परवानगी सहसा समन्वयकांच्या पत्रावर मिळते. पुस्तके घरी नेण्याची अपेक्षा मात्र ठेवू नये. हे पत्र दुसऱ्याच दिवशी मागून घ्यावे. आपल्याला कोणते ग्रंथ किंवा नियतकालिकांचे कोणते जुने अंक पाहायचे आहेत त्यांची यादी घरूनच करून आणल्यास संध्याकाळचा तास-दीड तास कारणी लागतो, नाहीतर तो कपाटांपुढे फिरण्यात जातो. आपले काम हस्तलिखितांशी किंवा ऐतिहासिक कागदपत्रांशी निगडित असेल, तर विधी महाविद्यालय रस्त्यावरील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्था आणि सदाशिव पेठेतील भारत इतिहास संशोधक मंडळ यांना आधी पत्र पाठवून वेळ ठरवावी. अनुक्रमे १९१७ आणि १९१० मध्ये स्थापन झालेल्या या संस्थांत आगाऊ कळवून येणाऱ्या अभ्यासकाचे काम लवकर होते. पुस्तक खरेदीसाठी अप्पा बळवंत चौक आहेच. मेट्रोने कसबा पेठ किंवा मंडईला उतरून तिथे चालत जाता येते. विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी परिसरातच असलेली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था चुकवू नये. चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या त्या वास्तूच्या मधल्या कुंडाकार अंगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत, पण आत जाण्यासाठी पूर्वपरवानगी विचारून घ्यावी.

शेवटी कागदपत्रे, कारण वर्ग उत्तम होऊनही कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नती योजनेच्या, स्थाननिश्चितीच्या वेळी माणसे अडतात ती इथेच. प्राचार्यांचे ना हरकत प्रमाणपत्र, कर्तव्य रजेचा मंजुरी आदेश आणि कार्यमुक्तीचे पत्र निघण्यापूर्वी घ्यावे, आणि त्यावर वर्गाचे पूर्ण नाव व तारखा निवडपत्राप्रमाणेच लिहिलेल्या आहेत याची खात्री करावी. आधार कार्डाच्या दोन प्रती आणि पासपोर्ट आकाराची चार छायाचित्रे सोबत ठेवावीत. प्रवास भत्ता मिळणार असल्यास येण्या-जाण्याची मूळ तिकिटे लागतात. एसटीच्या यंत्रातून निघालेल्या तिकिटाची शाई पावसाळ्यात काही दिवसांत उडते, म्हणून त्याची छायाप्रत त्याच दिवशी काढावी. परतीचे आरक्षण शेवटच्या दिवशी रात्री नऊच्या आधीचे करू नये, कारण समारोप लांबतो आणि प्रमाणपत्रे त्यानंतर वाटली जातात. प्रमाणपत्र हाती आले की नावाचे शुद्धलेखन, वर्गाच्या तारखा आणि श्रेणी तिथेच उभे राहून तपासावी, चूक असल्यास कार्यालय बंद होण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी, आणि हजेरीचे वेगळे पत्रही मागून घ्यावे; महाविद्यालयात रुजू अहवालासोबत ते जोडावे लागते.